दप्तरी दाखल होण्यापूर्वी

पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये आज ज्याच्यापाशी एक दुचाकी, एक स्मार्टफोन आणि वाहन चालविण्याचा पक्का परवाना आहे, अशा अठरा वर्षांवरील कोणाही माणसाला, मग तो लातूरहून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी आलेला विद्यार्थी असो, चाकणच्या कारखान्यातील कंत्राट संपल्यामुळे मोकळा झालेला कामगार असो, की घरची कोरडवाहू जमीन भावाच्या स्वाधीन करून शहरात उतरलेला शेतकरी असो, कोणाचीही शिफारस, वशिला वा मुलाखत न लागता अवघ्या काही दिवसांत मिळकतीला लावणारा जर कोणता व्यवसाय असेल, तर तो तयार अन्न घरोघर पोहोचविण्याचा होय. प्रवेशाची ही सुलभता सामान्य गोष्ट नव्हे. ज्या समाजात शिपायाच्या एका जागेसाठी पदवीधरांचे अर्ज येतात, तेथे जातीचा, गावाचा किंवा ओळखीचा प्रश्न न विचारता उघडणारे दार मोलाचेच मानले पाहिजे. परंतु त्या दारातून आत शिरताना माणूस नेमके काय देतो, काय घेतो आणि कोणत्या अटींना मान तुकवितो, याचा विचार ज्या शांतपणे व्हावयास हवा तो होत नाही. मोबाइलच्या पडद्यावर तासाभरात उरकणारी ही नावनोंदणी म्हणजे ओळखीची तपासणी, एका कराराची स्वीकृती आणि स्वतःचे भांडवल गुंतवून धंद्याचा आरंभ, हे सर्व एकाच वेळी असते. म्हणून तिचे स्वरूप सविस्तर समजून घेणे अगत्याचे आहे.

अन्न वाहून नेण्याचा धंदा महाराष्ट्राला नवा नाही. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत घरचा डबा कचेरीत पोहोचविण्याची जी व्यवस्था उभारली, तिच्यात मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली. तेथे प्रवेशाचा मार्ग नात्यागोत्यातून आणि गावकीतून जाई. टोळीचा मुकादम नव्या गड्याला ओळखत असे, त्याच्या बापाला ओळखत असे, आणि सायकल, डबे ठेवण्याची लाकडी पाटी वगैरे सामान स्वतःच्या पैशाने आणल्यावर तो गडी त्या टोळीच्या मिळकतीत वाटेकरी होई. १९५६ मध्ये या मंडळींचा रीतसर विश्वस्त निधी नोंदविला गेला. त्या व्यवस्थेत परक्याला शिरकाव कठीण होता, हा तिचा दोष; पण एकदा आत आलेल्या माणसाला आपली बाजू कोणापुढे मांडावयाची हे ठाऊक असे, हा तिचा गुण. नव्या व्यवस्थेत या दोन्ही गोष्टी बरोबर उलट झाल्या आहेत. २०१४ मध्ये बेंगळुरूत स्विगी सुरू झाली. उपाहारगृहांची माहिती देण्यासाठी २००८ मध्ये वेगळ्या नावाने निघालेली झोमॅटो २०१५ पासून अन्न पोहोचविण्याच्या व्यवहारात उतरली. आणि आज या धंद्याचा बहुतांश भाग या दोन कंपन्यांच्या हाती आहे. निती आयोगाने जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा तऱ्हेच्या सर्व गिग, म्हणजे कायम नोकरीविना कामागणिक मोबदला घेणाऱ्या, कामगारांची देशातील संख्या २०२०-२१ साली ७७ लाख धरली असून २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज वर्तविला आहे. एवढ्या मोठ्या समुदायाचा मुकादम आता एक अॅप आहे.

नोंदणीचा आरंभ या अॅपनेच होतो. ग्राहक ज्या अॅपवरून जेवण मागवितो ते निराळे आणि ते पोहोचविणाऱ्या रायडरचे निराळे. दुसरे उतरवून घेतल्यावर त्यात मोबाइल क्रमांक घालावयाचा, त्यावर आलेला ओटीपी भरावयाचा, शहर व झोन निवडावयाचा, वाहनाचा प्रकार सांगावयाचा आणि मग एकेक कागद कॅमेऱ्यापुढे धरावयाचा, असा क्रम असतो. येथेच एक सावधगिरी सांगून ठेवतो. नोंदणीची, पिशवीची व टी-शर्टची म्हणून जी रक्कम कंपनी आकारते, ती अॅपमधून भरावयाची असते किंवा पुढील पेआउटमधून, म्हणजे आठवड्याच्या मोबदल्यातून, हप्त्यांनी वळती होते. कोणी व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवून ‘आयडी काढून देतो’ म्हणून परस्पर आपल्या खात्यावर पैसे मागू लागला, तर तो फसवणुकीचा प्रकार आहे असे निश्चित समजावे. तसेच एकाच्या नावाची आयडी दुसऱ्याने भाड्याने चालविण्याची रीत काही ठिकाणी पडली आहे, तिच्या वाटेस जाऊ नये. कारण अपघात झाला तर दप्तरी ज्याचे नाव आहे तो रस्त्यावर नव्हता आणि जो रस्त्यावर होता त्याचे नाव दप्तरी नाही, अशा अवस्थेत विम्याचा एक पैसाही कोणाच्या पदरी पडत नाही.

कागदपत्रांची यादी लहान आहे: आधार, पॅन, वाहन चालविण्याचा परवाना, गाडीचे नोंदणीपत्र ज्याला सगळे आरसी म्हणतात ते, गाडीचे विमापत्र, आणि बँकेच्या खात्याचा तपशील. यादी लहान असूनही सर्वांत अधिक अर्ज अडतात ते येथेच, आणि त्याचे कारण आपल्या महाराष्ट्राच्या नावे लिहिण्याच्या पद्धतीत आहे. आपले नाव तीन पदांचे असते. स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येते, आधारवर शेवटी येते, पॅन काढताना कोणी वडिलांचे नाव गाळलेले असते, परवान्यावर केवळ आद्याक्षर असते. स्त्रियांच्या बाबतीत तर माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, असे सर्रास आढळते. तालुक्याच्या कचेरीतील कारकून हा फरक डोळ्यांनी पाहून समजून घेई. यंत्राला ती सोय नाही. ते अक्षराशी अक्षर जुळवून पाहते आणि जुळले नाही की अर्ज नामंजूर करते, तेही बहुधा कारणाचा पुरेसा खुलासा न करता. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी सर्व कागद एका ओळीत मांडून नावाची अक्षरे व जन्मतारीख पडताळून पाहावी, आणि तफावत असेल तर प्रथम आधार आणि पॅन एकमेकांशी जुळवून घ्यावेत. १ जुलै २०२३ पासून, सूट दिलेले अपवाद वगळता, आधारशी न जोडलेले पॅन निष्क्रिय ठरते, आणि मग मोबदल्यातून होणारी उद्गम करकपात अधिक दराने होते. ती कपात झाली असली तरी वर्षाचे उत्पन्न करपात्र नसल्यास विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळविता येते, ही गोष्ट फारच थोड्या रायडरांना ठाऊक असते, आणि वर्षाकाठी त्यांचे हक्काचे पैसे सरकारजमा राहतात.

बँकेच्या खात्याविषयी असेच एक सूक्ष्म पण महत्त्वाचे प्रकरण आहे. अनेकांची खाती पूर्ण कागदपत्रांविना ‘लहान खाते’ म्हणून उघडलेली असतात. अशा खात्यात वर्षभरात एकूण १ लाख रुपयांहून अधिक जमा होऊ शकत नाही, शिल्लक ५० हजारांवर जाऊ शकत नाही आणि महिन्याला १० हजारांहून अधिक काढता येत नाही. आठवड्याच्या आठवड्याला पेआउट जमा होऊ लागला म्हणजे काही महिन्यांतच ही मर्यादा गाठली जाते आणि कष्टाचे पैसे अडकून पडतात. शाखेत जाऊन केवायसी पूर्ण करून घेणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि तो काम सुरू करण्यापूर्वीच केलेला बरा. कारण एकदा चाके फिरू लागली की बँकेच्या वेळात बँकेत जाण्यास सवड मिळत नाही.

परवान्याबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. शिकाऊ परवाना सहा महिने टिकतो, तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्यासाठी चाचणी देता येते, आणि या कामाला पक्काच परवाना लागतो. मात्र परवान्यावर कोणत्या वर्गाचे वाहन लिहिले आहे हे पाहावे. विनागिअर दुचाकीचा परवाना घेऊन गिअरची मोटरसायकल चालविणारा कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना चालक ठरतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या अपराधाचा दंड ५ हजार रुपये आहे. ज्यांच्यापाशी परवाना नाही त्यांना सायकलचा किंवा मंदगती विजेच्या दुचाकीचा मार्ग मोकळा असतो, कारण ज्या गाडीची मोटर २५० वॉटपर्यंतची आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा आहे, तिला नोंदणी व परवाना दोन्ही लागत नाहीत. अशा गाड्या दिवसाच्या वा आठवड्याच्या भाड्याने मिळू लागल्यापासून गाडी विकत घेण्याची ऐपत नसलेली पुष्कळ मुले या धंद्यात आली आहेत.

गाडीच्या विम्याचे प्रकरण याहून पुष्कळ गंभीर आहे, आणि नोंदणी करताना त्याची वाच्यता सर्वांत कमी होते. तृतीय पक्षाचा विमा मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. अॅप विमापत्राची प्रत मागते, रायडर ती देतो, आणि उभयपक्षी समाधान होते. परंतु खासगी दुचाकीच्या विमापत्रात वापराच्या मर्यादा सांगणारे एक कलम असते, त्यात भाड्याने वा मोबदला घेऊन केलेला वापर आणि नमुने व स्वतःचे सामान यांखेरीज इतर मालाची वाहतूक, ही दोन्ही कामे विम्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली असतात. पाठीवर गिऱ्हाइकाचे जेवण घेऊन मोबदल्यासाठी धावणारी गाडी या मर्यादेत बसते की नाही, हा वाद अपघातानंतर उपस्थित होतो. गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारण्यास विमा कंपनी हेच कलम पुढे करू शकते. यावर एकच व्यवहार्य मार्ग म्हणजे विमा एजंटाला आपण गाडी कशासाठी वापरणार हे आधीच लेखी कळवून त्या वापरास लागू पडणारे विमापत्र मागणे. त्याचा हप्ता थोडा चढा पडला तरी तो धंद्याचा खर्च समजावा.

दुसरी गोष्ट याहून अधिक विसरली जाते. आपल्याकडे गाडी पुष्कळदा वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर असते, आणि अशा गाडीवर नोंदणी करण्यास कंपन्या बहुधा हरकत घेत नाहीत. पण विम्याबरोबर १५ लाख रुपयांचे जे वैयक्तिक अपघात संरक्षण मिळते ते मालक-चालकासाठी असते, म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्यापाशी परवाना आहे अशा व्यक्तीसाठी. भावाची गाडी चालविणारा धाकटा त्या संरक्षणात येत नाही. कंपनीकडून रायडरला जे अपघात विमा संरक्षण मिळते तेही साधारणतः कामावर असतानाच्या अपघातापुरते असते. मग अॅपमध्ये लॉगिन असणे पुरते, की ऑर्डर हाती असणे आवश्यक, ऑर्डर देऊन परत फिरतानाची वाट त्यात मोडते की नाही, किती दिवसांत खबर द्यावयाची, हे सर्व त्या विम्याच्या अटींवर अवलंबून राहते. या अटी अॅपच्या कोठल्यातरी कोपऱ्यात असतात. त्या पहिल्याच दिवशी शोधून वाचाव्यात, वारसदाराचा रकाना भरावा, आणि ही माहिती घरातील एका माणसाला तोंडी न सांगता लिहून द्यावी. कारण दावा करण्याची पाळी आली तर तो रायडर स्वतः करू शकण्याच्या स्थितीत नसण्याचाच संभव अधिक.

कागद दाखल झाल्यावर चारित्र्याची पडताळणी होते. पूर्वी यासाठी पोलीस पाटलाचा वा गावच्या सरपंचाचा दाखला लागे. आता पडताळणी करणाऱ्या स्वतंत्र संस्था आधारवरील नाव-पत्ता घेऊन न्यायालयांच्या उपलब्ध नोंदी चाळतात. गावच्या बांधाच्या भांडणात नाव गोवले गेलेल्या माणसाचा अर्ज अशा वेळी अडू शकतो. ते प्रकरण तडजोडीने मिटलेले असो वा निर्दोष सुटकेने, निकालाची प्रत जवळ ठेवलेली असली म्हणजे आपली कैफियत मांडता येते.

यानंतर झोनचा प्रश्न. हा निर्णय घाईने घेतला जातो आणि मग बदलण्यास बराच खटाटोप करावा लागतो. राहत्या घराजवळचा झोन घ्यावा ही पहिली इच्छा स्वाभाविक आहे, पण प्रत्येक भागाची भूक निराळी असते. हिंजवडी-खराडीत कचेऱ्यांमुळे दुपारच्या जेवणाच्या मागणीला जोर असतो; कोथरूड, कर्वेनगर, औंध या वस्तीच्या भागांत रात्रीचे जेवण आणि रविवार भरून काढतात; पेठांच्या भागात अंतरे छोटी, पण एकदिशा रस्ते आणि गाडी लावण्याची अडचण मोठी. उंच इमारतींच्या संकुलांत फाटकावर नोंद, उद्वाहनाची वाट आणि कोठे कोठे निराळ्या उद्वाहनाची सक्ती, यांत जो वेळ जातो त्याचा वेगळा मोबदला दरपत्रकात बहुधा आढळत नाही. त्या भागात आधीपासून काम करणाऱ्या रायडरांशी, हॉटेलाबाहेर ऑर्डरची वाट पाहत उभे असताना त्यांना थोडी सवड असते तेव्हा, चार गोष्टी बोलून घेणे हे कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी ठरेल. ज्याच्या रेफरलवरून आपण नोंदणी करतो त्याला त्याचा काही लाभ मिळत असतो, हे ध्यानात ठेवून त्याचे म्हणणे ऐकावे. तो लाभ गैर नाही, परंतु त्यामुळे सल्ला एका अंगाला झुकतो. नव्या माणसाला मिळणाऱ्या जॉइनिंग बोनसलाही ठरावीक दिवसांत ठरावीक ऑर्डरी पूर्ण करण्याची अट असते.

मिळकतीच्या जाहिरातींत जो आकडा दिसतो तो खर्च वजा न केलेला असतो. एखादा रायडर दिवसाला १०० किलोमीटर फिरला आणि त्याची गाडी लिटरला ५० किलोमीटर धावली, तर त्याला दोन लिटर पेट्रोल लागते. लिटरला १०० रुपये धरले तरी महिन्याच्या २६ दिवसांचे ५,२०० रुपये केवळ इंधनात जातात. त्यावर ऑइल, ब्रेक, टायर, चेन, मोबाइलचा रिचार्ज आणि गाडीची झीज. यांपैकी झीज कोणीच धरीत नाही, कारण ती रोज खिशातून जात नाही. पण दोन-तीन वर्षांनी गाडी बदलण्याची वेळ येते तेव्हा ती एकदम दारात उभी राहते. पुढे मिळणारा दर अंतर, वाट पाहण्याचा वेळ, पाऊस, गर्दी आणि इन्सेंटिव्ह यांच्या हिशेबाने ठरतो, आणि हा हिशेब बदलण्याचा अधिकार सर्वस्वी कंपनीकडे असतो. रोख स्वीकारलेल्या ऑर्डरींचे पैसे हाती साचले की ते मुदतीत भरावे लागतात, नाहीतर नव्या ऑर्डरी येणे थांबते. म्हणून रायडरने सकाळच्या पेट्रोलासाठी त्या रकमेत हात घालू नये.

आता करार. नोंदणीच्या ओघात कोठेतरी एक लांबलचक मजकूर येतो, त्याखाली संमतीची चौकट असते, आणि तिच्यावर बोट टेकले की करार होतो. असा करार कागदावर सही केली नाही म्हणून लटका ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झालेला करार केवळ त्या कारणाने अग्राह्य मानता येत नाही. या करारात रायडर हा कंपनीचा नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार आहे, असे सुरुवातीलाच नमूद केलेले असते, आणि पुढील सर्व परिणाम या एका वाक्यातून निघतात. किमान वेतनाचा कायदा, भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा योजना, भरपगारी रजा, नोकरीतून काढताना द्यावयाची नोटीस, यांपैकी काहीही नोकर नसलेल्या माणसाला आपोआप लागू होत नाही. एकाच हॉटेलात आत भाजी परतणारा आचारी दुकाने व आस्थापनांच्या कायद्याखाली कामगार असतो. त्याच्या कामाचे तास, त्याची सुटी, त्याची हजेरी यांची नोंद मालकाला ठेवावी लागते. काउंटरच्या अलीकडे तीच भाजी पिशवीत घेण्यासाठी थांबलेला मनुष्य त्या कायद्याला दिसत नाही. दरपत्रक केव्हाही बदलण्याचा, आयडी स्थगित वा बंद करण्याचा आणि वाद उद्भवल्यास तो लवादाकडे नेण्याचा अधिकार अशा करारांत राखून ठेवलेला असतो, आणि तो वाद ज्या शहरात चालावयाचा ते बहुधा रायडरच्या शहरापासून दूरचे असते. मजकूर इंग्रजीत असला आणि समजत नसला, तर तो प्रथम फोनमध्ये जतन करून समजणाऱ्याकडून वाचून घ्यावा. त्यासाठी काम एक दिवस उशिरा सुरू झाले तरी चालेल.

या ठिकाणी मला महाराष्ट्राच्याच इतिहासातील एका घटनेचे स्मरण करून द्यावेसे वाटते, कारण आजच्या प्रश्नाची किल्ली तिच्यात आहे अशी माझी धारणा आहे. मुंबईच्या बाजारपेठांत आणि गोद्यांत पोती वाहणारा माथाडी हा कोणा एका व्यापाऱ्याचा नोकर नव्हता. सकाळी एकाच्या पेढीवर, दुपारी दुसऱ्याच्या वखारीत, जसे ओझे तसा दाम, असा त्याचा व्यवहार असे. आणि जखमी झाला तर प्रत्येक व्यापारी हात झटकून मोकळा होई, की हा आमचा माणूस नव्हे. आजच्या रायडरविषयी जे युक्तिवाद केले जातात ते सर्व त्या हमालाविषयी केले गेले होते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चळवळीतून १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला, आणि त्याने ‘हा कोणाचा नोकर’ या वादात न अडकता निराळीच वाट काढली. कामगार, मालक आणि शासन या तिघांचे प्रतिनिधी असलेली मंडळे स्थापन करून त्यांच्या दप्तरी कामगाराची आणि मालकाची दोघांचीही नोंद करावयाची, मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मालकाने मंडळात भरावयाची, आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा, औषधोपचार यांची तरतूद करावयाची, अशी ती रचना आहे. माणूस दहा ठिकाणी काम करो, त्याचे दप्तर एकच, आणि ते सार्वजनिक.

राजस्थानाने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी जे कायदे केले त्यांत मंडळ, नोंदणी आणि व्यवहारावर बसविलेले कल्याणशुल्क ही तीच सूत्रे पुढे आलेली दिसतात. कर्नाटकाच्या कायद्यात हे शुल्क कामगाराला दिलेल्या मोबदल्याच्या १ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवले असून, काम बंद करण्यापूर्वी लेखी कारण व १४ दिवसांची पूर्वसूचना देण्याचे बंधनही घातले आहे. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेने २०२० मध्ये गिग कामगाराची प्रथमच कायद्यात व्याख्या केली. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्याप्रमाणे अन्न व किराणा पोहोचविणाऱ्या कंपन्यांसह अशा सर्व कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम, मात्र कामगारांना दिलेल्या एकूण मोबदल्याच्या ५ टक्क्यांहून अधिक नाही इतकी, सामाजिक सुरक्षा निधीत द्यावयाची आहे. ज्या राज्याने हे सूत्र अर्ध्या शतकापूर्वी देशाला शिकविले, त्या महाराष्ट्राने ते रस्त्यावरच्या या नव्या श्रमजीवीसाठी पूर्ण सामर्थ्याने राबवावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

तोपर्यंत, आणि त्यानंतरही, रायडरला एक काम स्वतःच करता येण्याजोगे आहे: खासगी दप्तरात नाव घालताना सार्वजनिक दप्तरातही घालावे. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर आधार आणि आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक यांच्या साहाय्याने विनामूल्य नोंदणी होते आणि एक कायमचा सार्वत्रिक खाते क्रमांक मिळतो; २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या कामगारांना ओळखपत्र, ई-श्रमवरील नोंद आणि प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेखाली उपचाराची सोय देण्याचे जाहीर झाले आहे. स्वतःला न जमल्यास जवळच्या सेवा केंद्रात जावे. हा क्रमांक एखाद्या कंपनीशी बांधलेला नसतो. रायडर एक अॅप सोडून दुसऱ्यावर गेला तरी तो त्याच्याबरोबर जातो.

सामाजिक सुरक्षा संहितेखालील नियमांचा जो मसुदा डिसेंबर २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला, त्यात लाभास पात्र ठरण्यासाठी मागील आर्थिक वर्षात एका कंपनीकडे किमान ९० दिवस, किंवा एकाहून अधिक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम केलेले असावे, अशी अट सुचविलेली आहे. अंतिम तरतूद कोणतीही होवो, दिवसांचा पुरावा लागणार हे उघड आहे, आणि तो पुरावा आज अॅपच्या पोटात असतो. आयडी बंद झाली की जुन्या ऑर्डरी, पेआउटचे उतारे आणि कंपनीशी झालेला संदेशांचा व्यवहार पाहण्याचा मार्गही बंद होऊ शकतो. यास्तव दर आठवड्याच्या पेआउटचा उतारा फोनमध्ये न ठेवता आपल्या ई-मेलवर पाठवून ठेवावा, बँकेच्या पासबुकात नोंदी भरून घ्याव्यात, आणि तक्रार करावयाची झाल्यास ती हेल्पलाइनवर तोंडी न करता अॅपमधून लिहून करावी व तिचा क्रमांक टिपून घ्यावा. आयडी अडविली गेली तर प्रथम कारण लेखी मागावे. ओळख पटविण्यासाठी घेतलेल्या सेल्फीतील चेहरा न जुळणे, रोख रकमेचा भरणा राहणे किंवा एखाद्या कागदाची मुदत संपणे, अशा कारणांनी अडलेल्या आयडी योग्य पुरावा दिल्यावर पुष्कळदा पुन्हा सुरू होतात. परवाना, विमा आणि पीयूसी यांच्या मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहून तो पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला, तर यांपैकी शेवटचे कारण तरी उद्भवणार नाही.